गिट रिपॉझिटरीची साफसफाई : काय करावं, काय टाळावं

सॉफ्टवेअरच्या कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केली. प्रत्येक नोंदीबरोबर तिच्यात सुट्या फाइली साठत जातात. दुकानातल्या पावत्या वेळच्या वेळी फाइलला लावल्या नाहीत की जे होतं, तेच इथंही होतं. शोधाशोध वाढते, काम मंदावतं.

‘गिट जीसी’ ही कमांड सुट्या फाइली दाबून एका पॅकमध्ये बांधते. त्या साधारण 6,700 च्या वर गेल्या की काही कमांडनंतर ती आपोआपही चालते. 2020 मध्ये आलेलं ‘गिट मेंटेनन्स स्टार्ट’ एकदा दिलं, की अशी कामं ठरल्या वेळी मागच्या मागे होत राहतात.

चुकून उडालेला कमिट रेफलॉगमध्ये एरवी 30 दिवस तरी सापडतो. जागा वाचवायच्या घाईत रेफलॉग पुसून लगेच ‘प्रून’ केलं आणि दुसरीकडे प्रत नसेल, तर मेहनत गेलीच म्हणायची. आणखी एक, इतिहासात शिरलेली मोठी फाइल नंतर डिलीट केली तरी जीसीनं जात नाही. त्यामुळे ती आत घेतानाच विचार करावा.