हजार मैल आणि कागदाची एक गुंडाळी

1 मे 1955. सकाळचे 7 वाजून 22 मिनिटं. इटलीतल्या ब्रेशा शहरातून एक चंदेरी मर्सिडीज सुटली. तिच्यावर मोठ्या आकड्यांत नंबर रंगवला होता, 722. गाडीचा नंबर म्हणजेच तिची सुटायची वेळ, असा या शर्यतीचा शिरस्ता होता. शर्यतीचं नाव मिल्ले मिल्या, म्हणजे हजार मैल. ब्रेशाहून रोमला जायचं आणि परत यायचं. जवळपास 1600 किलोमीटर, तेही साध्या रस्त्यांवरून. वाटेत गावं, घाट, पूल, सगळंच.

त्या वर्षी 500हून जास्त गाड्या धावल्या. त्यात मोठ्या कंपन्यांचे संघ होते, तसे स्वतःची गाडी घेऊन आलेले हौशी मालकही होते. छोट्या, सावकाश गाड्या आदल्या रात्रीपासूनच एकेक करून सुटत होत्या. वेगवान गाडी घ्यायची कशाला, या प्रश्नाचं त्या काळातलं उत्तर इथे दिसतं. दाराशी उभी करून मिरवायला नाही, तर ती काय करू शकते आणि आपण तिच्यासोबत काय करू शकतो, हे बघायला.

722 चालवत होता 25 वर्षांचा ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस. शेजारी होता पत्रकार डेनिस जेन्किन्सन. त्याच्या हातात अॅल्युमिनियमची डबी आणि तिच्यात साडेपाच मीटरच्या आसपास लांबीची कागदाची गुंडाळी. दोघांनी आधी अनेकदा तो रस्ता पालथा घातला होता. कुठलं वळण किती अवघड, कुठल्या चढापलीकडे रस्ता सरळ जातो, हे सगळं त्या कागदावर होतं. आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून हातांच्या खुणा ठरवल्या होत्या. पलीकडचं काही दिसत नसताना जेन्किन्सन खूण करायचा आणि मॉस पाय न उचलता चढ ओलांडायचा.

10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. सरासरी ताशी 157 किलोमीटरहून जास्त. जगज्जेता फान्जिओ तशाच गाडीतून एकटा धावला आणि अर्ध्या तासाहून जास्त मागे राहिला. त्याच्या इंजिनानं त्रास दिला, हेही खरं. तरी मॉसच्या वेगामागे नुसतं धाडस नव्हतं. आठवड्यांची तयारी होती आणि शेजारच्या माणसावरचा विश्वास होता. गाडी नीट चालवणं म्हणतात ते हे.

पण त्या गुंडाळीत एक गोष्ट मावत नव्हती. वळणं लिहिता येतात, रस्त्याच्या कडेला कोण उभं असेल ते लिहिता येत नाही.

दोनच वर्षांनी, 12 मे 1957 रोजी, ते दिसलं. स्पॅनिश उमराव अल्फोन्सो दे पोर्तागोची फेरारी ग्विदित्सोलो गावाजवळ आली. शर्यत संपत आली होती आणि रस्ता सरळ होता. टायर फुटला. दे पोर्तागो आणि त्याचा साथीदार एडमंड नेल्सन गेले, आणि कडेला उभे असलेले 9 प्रेक्षकही. त्यांत 5 लहान मुलं होती. एन्झो फेरारीवर खटला चालला, 1961मध्ये तो निर्दोष सुटला. मिल्ले मिल्या मात्र त्या रूपात पुन्हा धावली नाही.

दुसरा मार्ग आधीपासूनच होता. मिल्ले मिल्या 1927मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी जर्मनीच्या आयफेल डोंगरांत न्युर्बर्गरिंग उघडलं. तिथेही आधी साध्या रस्त्यांवरच शर्यती व्हायच्या. नंतर शर्यतीसाठी वेगळा रस्ता बांधला आणि शर्यत नसेल तेव्हा पैसे भरून कुणालाही आपली गाडी त्यावर नेता येऊ लागली. आजही येते. उत्तरेकडचा वेढा 20.8 किलोमीटरचा आहे, वाहतूक एकेरी, समोरून कुणी येत नाही. चूक झालीच तर कडेला शाळेतून घरी चाललेलं मूल नसतं.

ताकदवान गाडीची हौस असण्यात काही गैर नाही. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक लावणं, योग्य क्षणी गिअर बदलणं, चाकांची पकड सुटायच्या आधी ती हातांना जाणवणं, ही शिकण्याजोगी विद्या आहे. पण ती वापरायची कुठे, हाही त्याच विद्येचा भाग आहे. ट्रॅकवर येणारा प्रत्येक जण आपला धोका ओळखून येतो. ग्विदित्सोलोच्या त्या 5 मुलांना कुणी विचारलं नव्हतं.