लाडू, चिवडा आणि अलेप्पोचं बीळ

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आपण इथे किल्ले, तह, लढाया असलं बोलतो. आज मी तुम्हाला मुठीत मावणाऱ्या एका प्राण्याचा इतिहास सांगणार आहे, आणि हे सगळं मी का वाचायला बसले तेही सांगणार आहे. ते सांगताना मला जरा लाज वाटणार आहे, पण असू दे.

गेल्या दिवाळीत भाचीसाठी मी हॅमस्टर आणायला गेले. एकच आणायचा होता. दुकानदार म्हणाला, "ताई, जोडी घ्या, एकटा असला की कंटाळतो, खात नाही." मला पटलं. आपल्याला एकटं जेवायला आवडत नाही, मग त्याला तरी कसं आवडेल? सोनेरी रंगाचे दोन भाऊ घेतले. भाचीने नावं ठेवली लाडू आणि चिवडा. दिवाळीच होती ना. सोबत सूर्यफुलाच्या बियांची एक पिशवी, एक छोटा रंगीत पिंजरा आणि मूठभर लाकडाचा भुसा. झाली खरेदी.

तीन आठवडे सगळं गोड होतं. चौथ्या आठवड्यात रात्री पिंजऱ्यातून किरकिर ऐकू आली. मी कूस बदलून झोपले. सकाळी चिवडा कोपऱ्यात पडला होता, मानेपाशी चावे होते. दुपारपर्यंत तो गेला. भाची शाळेतून आली आणि तिने एकच विचारलं, "मावशी, भावाने भावाला का मारलं?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून शोधायला लागले, आणि पोचले थेट सीरियात, अलेप्पोला.

आपण ज्याला सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर म्हणतो, त्याचं मूळ घर म्हणजे अलेप्पो शहराच्या आसपासची शेतजमीन. उत्तर सीरिया आणि त्याला लागून तुर्कस्तानची दक्षिण कड, बस, तेवढंच. जगभर लाखो घरांत पाळलेल्या या प्राण्याचं गाव इतकं लहान आहे.

युरोपियनांच्या लिखाणात तो अठराव्या शतकाच्या शेवटी येतो. अलेप्पोत ब्रिटिश व्यापाऱ्यांची वखार होती, आणि तिथे डॉक्टर होते अलेक्झांडर रसेल. त्यांनी अलेप्पोच्या निसर्गावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या नंतर तिथेच डॉक्टर झालेले त्यांचे भाऊ पॅट्रिक रसेल यांनी त्या पुस्तकाची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली, आणि तिच्यात हा प्राणी आहे. एका हॅमस्टरची चिरफाड केली तर गालाच्या पिशव्यांत कोवळ्या शेंगा ठासून भरलेल्या निघाल्या, एकीला एक लावून, अगदी शिस्तीत. त्या टेबलावर मोकळ्या केल्या तर ढीग त्या प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट झाला!

आता हे पॅट्रिक रसेल तुमच्या ओळखीचे आहेत, बरं का. ते पुढे ईस्ट इंडिया कंपनीत मद्रासकडे आले आणि इथल्या सापांचा अभ्यास केला. आपल्या घोणसला इंग्रजीत 'रसेल्स व्हायपर' म्हणतात, ते यांच्याच नावावरून. म्हणजे घोणस आणि हॅमस्टर यांच्यात दुवा आहे. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

1839 मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉटरहाऊस यांनी अलेप्पोहून आलेल्या एका म्हाताऱ्या मादीच्या कातड्यावरून या जातीला शास्त्रीय नाव दिलं. मग जवळपास नव्वद वर्षं कुणी फारसं विचारलं नाही.

आणि इथे गोष्टीत एक भारतीय आजार येतो. काळा आजार. बिहार-बंगालमध्ये गावंच्या गावं ओस पाडणारा ताप. 1903 मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रासमधले चार्ल्स डोनोव्हन यांनी त्याच्या परजीवीचं वर्णन केलं, म्हणून त्या परजीवीचं नाव लीशमानिया डोनोव्हानी. त्याचा अभ्यास करायचा तर प्रयोगशाळेत असा प्राणी हवा, ज्याला हा रोग होतो. चीनमधल्या छोट्या हॅमस्टरला तो होतो असं दिसलं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात साऊल अ‍ॅडलर नावाचे परजीवीतज्ज्ञ याच रोगावर काम करत होते. त्यांची अडचण अशी की चिनी हॅमस्टर पिंजऱ्यात पिल्लं देईनात, आणि दर वेळी चीनहून मागवायचे म्हणजे मोठी कटकट. त्यांनी विद्यापीठातल्याच प्राणिशास्त्रज्ञाला, इस्राएल अहारोनींना गळ घातली, की जवळपासचा एखादा हॅमस्टर शोधून द्या.

एप्रिल 1930. अहारोनी अलेप्पोजवळच्या एका गावात गेले. सोबत स्थानिक वाटाड्या जॉर्जियस खलील तहान. गावच्या शेखने माणसं दिली आणि एका गव्हाच्या शेतात खोदकाम सुरू झालं. बरंच शेत उकरल्यावर बीळ सापडलं. आठ फूट खोल, असं सांगतात. आत एक मादी आणि तिची अकरा पिल्लं.

अहारोनींना ते सगळं कुटुंब एकत्र न्यायचं होतं. त्यांनी आईसकट पिल्लं पेटीत ठेवली. आईने जवळच्या पिल्लाचं डोकं तोडलं. उरलेली वाचावीत म्हणून अहारोनींनी त्या आईलाच मारलं. दहा आंधळी पिल्लं राहिली. ती अहारोनी आणि त्यांच्या बायकोने हाताने वाढवली.

हे वाचलं तेव्हा मला चिवडा आठवला. भाचीला मी एवढंच सांगितलं की ते घाबरतात तेव्हा असं करतात. पूर्ण उत्तर अजून सापडायचं होतं.

पिल्लं विद्यापीठाच्या प्राणिगृहात, हाईम बेन-मेनाहेम यांच्याकडे आली. पिंजऱ्याला लाकडी तळ होता. हॅमस्टरने लाकूड कुरतडलं आणि एका रात्रीत निम्मे पळाले, ते जिवंत मिळाले नाहीत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पण चिनी हॅमस्टरने जे केलं नाही ते यांनी केलं. बहीण-भावांची जोडी जमली, आणि यांचा गरोदरपणा सोळा दिवसांचा! वर्षभरात दीडशेच्या आसपास झाले. 1931 मध्ये अ‍ॅडलर यांनी काही कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. तिथून इतर प्रयोगशाळांत, 1938 मध्ये अमेरिकेत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरात.

1971 पर्यंत जगातला जवळजवळ प्रत्येक पाळीव सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या भावंडांचा वंशज होता. त्या वर्षी मायकेल मर्फी नावाच्या अमेरिकनाने अलेप्पोहून आणखी बारा नेले. माझा लाडू त्याच घराण्यातला असणार.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. 1997 आणि 1999 मध्ये रोल्फ गाटरमान या जर्मन शास्त्रज्ञाची टीम अलेप्पोच्या शेतांत गेली आणि तिने तीसेक बिळांची नोंद केली. ज्या बिळांत हॅमस्टर राहत होते, त्यांतल्या एकातही एकापेक्षा जास्त प्रौढ प्राणी नव्हता. एकातही नाही! एक बीळ, एक हॅमस्टर. वयात आले की भाऊ भावाला आपल्या हद्दीत सहन करत नाही. रानात हरलेला पळून जातो. माझ्या पिंजऱ्यात पळायला जागाच नव्हती. दुकानदार चुकीचं बोलला हे खरं, पण घरी आणायच्या आधी पाच मिनिटं वाचलं असतं तर मला कळलं असतं. हे मी भाचीला तसंच सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच अभ्यासात बिळांची खोली सरासरी 65 सेंटीमीटर निघाली, सगळ्यात खोल 106. आठ फुटांचा आकडा मला तरी जरा फुगलेला वाटतो. पण 65 सेंटीमीटर म्हणजेसुद्धा दोन फूट! आणि मी त्याला मूठभर भुसा दिला होता. आता लाडू एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पेटीत राहतो, झाकणाला जाळी, आत वीतभर कागदाचा लगदा. पहिल्याच रात्री तो त्यात गायब झाला. चाकही बदललं. जुन्यात त्याची पाठ वाकत होती, आणि पट्ट्यांत पाय अडकण्याची भीती. आता आठ इंचांहून मोठं, सलग पृष्ठभागाचं आहे.

आणि खाणं. अलेप्पोकडचे लोक या प्राण्याला जे म्हणत, त्याचा अर्थ साधारण 'पडशीवाला'. पडशी म्हणजे खांद्यावर किंवा घोड्यावर टाकायची दोन तोंडांची झोळी. फारच चपखल! जर्मनमध्ये तर 'हॅमस्टर'पासून साठेबाजी करण्याचं क्रियापदच झालंय. बिळं बहुतेक कडधान्याच्या आणि धान्याच्या शेतांत किंवा त्यांच्या बांधाला असतात. मसूर, हरभरे, गहू. शेतकऱ्यांना तो नकोसा असतो आणि ते विषही घालतात, हे आपल्याकडच्या उंदरांसारखंच.

पण पडशी भरलेली दिसली म्हणजे पोट नीट भरलं असं नाही. मी बियांचं मिश्रण द्यायचे. लाडू त्यातली सूर्यफुलाची बी तेवढी उचलायचा, बाकी तसंच. लहान मुलं चिवड्यातले शेंगदाणे वेचतात ना, तसं. नुसती चरबी! आता हॅमस्टरसाठी बनवलेल्या गोळ्या हे मुख्य जेवण, रोज साधारण एक टेबलस्पून. वर थोडे धान्याचे दाणे, नखाएवढा काकडीचा किंवा फ्लॉवरचा तुकडा, आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा कण. सूर्यफुलाची बी म्हणजे खाऊ, दिवसाला एक किंवा दोन. कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी, चॉकलेट, फरसाण नाही म्हणजे नाही. चिकट काही नको, गालाच्या पिशवीत अडकतं. आणि ओलं खाणं दिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या साठ्यात डोकवा, सडलेली काकडी तिथेच सापडते. सुका साठा मात्र हलवू नका. मी एकदा सफाईच्या नादात सगळा काढला आणि तो रात्रभर पेटी उकरत राहिला.

निवडताना? संध्याकाळी जा. दिवसा तो झोपलेला असतो, आजारी की पेंगुळलेला ते कळत नाही. गंमत म्हणजे रानात माद्या दिवसा उजेडी बाहेर पडतात, हे याच टीमने 2008 मध्ये दाखवलं. पिंजऱ्यात मात्र तोच प्राणी रात्रपाळी करतो. डोळे चमकदार हवेत, श्वासाचा आवाज नको. शेपटीखाली ओलं दिसलं तर तो घेऊ नका, आणि त्याच पिंजऱ्यातला दुसराही नको, तो जुलाब जीवघेणा आणि पसरणारा असतो. नर-मादी एकत्र ठेवलेले असतील तर मादी गाभण निघू शकते. आणि आयुष्य दोन-तीन वर्षांचंच आहे, हे लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

उन्हाळ्यात लाडूला फरशीवर, खिडकीपासून लांब ठेवते आणि शेजारी मातीचं कौल ओलं करून ठेवते.

अलेप्पोत 2012 पासून चार वर्षं लढाई झाली. आजूबाजूची शेतं, त्यांतली बिळं, आधीच कमी होत चाललेले ते रानटी हॅमस्टर, यांचा विचार मी कधी करेन असं वाटलं नव्हतं.

भाची आता बोलते. शनिवारी येते आणि हरभऱ्याचा एक दाणा घेऊन पेटीपाशी बसते. लाडू यायला कधी अर्धा तास लावतो, कधी येतच नाही. काल आला, दाणा गालात कोंबला आणि परत खाली गेला. ती म्हणाली, "मावशी, खाल्ला नाही त्याने." म्हटलं, नाही गं, पडशीत टाकला.