शिंदखेड्याच्या आमदारकीचीं साधनें

सभेस कोण हजर होता, त्यानें कोणता कौल दिला व त्याच्या पदरीं द्रव्य किती, हें कागदावरून ठरविणें संशोधकाचें नित्याचें काम आहे. मराठेशाहींतील महजरांच्या आरंभीं हाजिर मजालसी नांवनिशीवार दिलेली आढळते, व अखेरीस पाटलाचा नांगर वगैरे निशाण्या. हिशेबाचा दंडक त्याहूनही जुना. पहिल्या परांतक चोळाच्या कारकीर्दींतील, सुमारें इ. स. ९२१ च्या उत्तरमेरूर शिलालेखांत, समितीचा हिशेब न देणारा सभासद व त्याचे जवळचे आप्त पुढील निवडीस अपात्र ठरविले आहेत.

हेंच माप धुळें जिल्ह्यांतील शिंदखेडा मतदारसंघास लावून पाहूं. येथून २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही निवडणुकींत श्री. जयकुमार रावल निवडून आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळें प्रत्येक उमेदवारास स्वतःची, पति वा पत्नीची व आश्रितांची मालमत्ता आणि कर्ज, तसेच आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागतात. २०१९ पासून मागील पांच वर्षांचें उत्पन्नही त्यांत येतें. अर्थात् एकाच व्यक्तीचीं चार प्रतिज्ञापत्रें झालीं. पोथीच्या प्रतींप्रमाणें तीं ताडून पाहावीं. मात्र आंकडा वाढला म्हणजे दोष घडला, असें अनुमान करूं नये. जमिनीचा भाव चढला किंवा नमुन्यांतील रकाने वाढले, तरीही तो वाढतो.

मताचें साधन तोकडें आहे. आवाजी मतदानांत सभागृहाचा कौल कळतो, एकट्या आमदाराचा नव्हे. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली, म्हणून १६४ विरुद्ध ९९ हा हिशेब राहिला. शिवाय १९८५ च्या दहाव्या अनुसूचीपासून पक्षादेश मोडणाऱ्याचें सदस्यत्व जाऊं शकतें. तेव्हां नोंदलेलें मत स्वतःच्या विचाराचेंच असेल, असें धरून चालतां येत नाहीं.

हजिरीविषयीं संविधानाचें कलम १९० स्पष्ट आहे: परवानगीवांचून साठ दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा सभागृहास रिक्त ठरवितां येते. पण हजिरी ही उपस्थितीची साक्ष, कामाची नव्हे. कामाची साक्ष कार्यवाहीच्या छापील वृत्तांतांतून घ्यावी लागते.

सारांश, द्रव्याचा पुरावा सर्वांत भरीव, हजिरीचा मध्यम व मताचा सर्वांत दुबळा आहे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, हीं प्रतिज्ञापत्रें तारीखवार कागदावर उतरवून बस्त्यांत ठेवावीं, आणि पराभूत उमेदवारांचींही टाकूं नयेत. तुलनेस दुसरी प्रत नसेल, तर विजयी उमेदवाराच्या आंकड्याचा अर्थ पुढील संशोधकास लागणार नाहीं.