दमसास : रत्नागिरीच्या सनईचा न तुटणारा सूर

रत्नागिरी जिल्ह्यात सनई मुख्यतः तीन ठिकाणी वाजत आली : देवळात, लग्नाच्या मांडवात आणि शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीपुढे. आरती संपेपर्यंत, वरात दारी पोहोचेपर्यंत किंवा पालखी सहाणेवर टेकेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही, ही वाजंत्र्याकडून असलेली अपेक्षा तिन्ही ठिकाणी सारखीच होती. माणसाला श्वास घेण्यासाठी थांबावे लागते, सुराला मात्र थांबता येत नाही. या पेचातून वाजंत्र्यांनी नाक, टाळू आणि गाल यांचे जे शास्त्र घडवले, त्यालाच ते ‘दमसास’ म्हणत आले.

सनईचे कूळ पश्चिम आशियातील सुरना या वाद्याशी जोडले जाते. अबुल फजलच्या ‘ऐने अकबरी’त बादशाही नगारखान्याच्या वाद्यांची यादी आहे. इराणी आणि हिंदुस्थानी घडणीचे मिळून नऊ सुरना एकत्र वाजत, असे तीत नोंदले आहे. नगारखाना हा राजाचा मान होता. देव म्हणजे गावचा राजा, या भावनेने पालखी, छत्र, अब्दागिरी आणि चवरी यांच्याबरोबर चौघडा आणि सनई हेही मान देवळात आले. कोकणात हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने घडशी समाजाने केले. गावगाड्यातील अलुतेदारांच्या प्रचलित यादीत तेली, तांबोळी, साळी, माळी यांच्याबरोबर घडशी येतो. म्हणजे सनई वाजवणे ही हौस नव्हती. गावाशी बांधलेली ती चाकरी होती आणि तिचा मोबदला गावाच्या उत्पन्नातून मिळे.

सनईच्या जोडीत दोन वाद्ये असतात. एका सनईवर चाल वाजते. दुसरे वाद्य ‘सूर’. त्यावर एकच स्वर अखंड धरायचा असतो. ऐकणाऱ्याचे लक्ष चालीकडे असते, पण दमाची खरी कसोटी सूर धरणाऱ्याची. चाल वाजवणाऱ्याला एखाद्या जागी क्षणभर विसावा घेता येतो, सूर धरणाऱ्याला तोही नाही. म्हणूनच घरातल्या मुलाच्या हाती आधी सूर येई आणि सनई नंतर.

सनईची नळी लाकडी, खाली रुंद होत जाणारी, टोकाला बहुधा पितळी प्याला. वरच्या टोकाला बोरूच्या जातीच्या गवताची दुहेरी पत्ती बसवतात. पत्तीला जिव्हाळी असेही म्हणतात. वाजवण्यापूर्वी ती तोंडात धरून ओली करतात, कारण कोरडी पत्ती बोलत नाही आणि फार भिजलेली मंद होते. पावसाळी, दमट कोकणात हा तोल सांभाळणे अवघड. त्यामुळे जादा पत्त्या आणि त्यांची तोंडे नीट करायची सुई दोऱ्याने सनईलाच बांधून ठेवण्याची रीत आहे.

अखंड फुंकीची कृती अशी. वाजंत्री छातीतल्या हवेने फुंकत असतानाच थोडी हवा गालांत साठवतो. गाल लिंबाएवढे फुगतात. छातीतली हवा संपत आली की जिभेचा मागचा भाग वर उचलून तो तोंड घशापासून बंद करतो आणि गाल आवळून साठलेली हवा पत्तीत ढकलतो. नेमक्या त्याच क्षणी नाकाने झपकन श्वास आत घेतला जातो. मग जीभ खाली येते, छातीची हवा पुन्हा तोंडात येते आणि गाल फुगतात. फेरा एका क्षणाचा. तो साधला की ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. साधला नाही तर त्या जागी सूर दबतो किंवा चढतो.

या सगळ्याचा दरवान म्हणजे मऊ टाळू. पडजीभ लोंबते तो टाळूचा मागचा मांसल भाग वर उचलला गेला की नाकाची वाट बंद होते, खाली आला की उघडते. बोलताना तोंडातील हवेचा दाब पाण्याच्या सुमारे ५ ते १० सेंटिमीटर उंचीएवढा असतो. दुहेरी पत्तीच्याच ओबो या पाश्चात्त्य वाद्यात तो ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. एवढ्या दाबापुढे टाळू ढिला पडला तर हवा नाकातून निसटते, नाकात फुसफुस होते आणि सूर पातळ होतो. तास दोन तास वाजवून टाळूचे स्नायू थकले की निरोगी वाजंत्र्यालाही हे जाणवू शकते. नाकाखाली गार आरसा धरला तर गळती वाफेच्या डागाने दिसते.

माउथ ऑर्गनमध्ये हाच दोष वेगळ्या रूपात येतो. जर्मनीत ट्रोसिंगेन येथे १८५७ साली माथियास होनरने कारखाना काढल्यानंतर हे वाद्य जगभर पोचले. त्यात फुंकून आणि ओढून, दोन्ही प्रकारे स्वर निघतात, त्यामुळे टाळू दोन्ही वेळा बंद राहावा लागतो. वाजवताना नाक चिमटीत धरल्यावर स्वर एकदम भरीव झाला, तर हवा नाकातून जात होती असे समजावे. माउथ ऑर्गनला नाकाची वाट बंद हवी; सनईला ती बंदही हवी आणि नेमक्या क्षणी उघडीही हवी. एकीकडे जी गळती, तीच दुसरीकडे वेळ साधून वापरली की विद्या ठरते. पालघरच्या वारली वस्त्यांतला तारपाही दुधी भोपळ्याच्या पोटात हवा साठवत सनईसारख्याच अखंड फुंकीवर वाजतो.

ही विद्या शिकवायला पुस्तक नव्हते. पोकळ नळीने भांड्यातल्या पाण्यात बुडबुडे काढायचे आणि नाकाने श्वास घेताना बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत, हा सर्वांत सोपा सराव. पपईच्या पानाचा पोकळ देठ त्याला पुरतो. पाण्यावर जमले की पत्ती, पत्तीवर जमले की सूर.

विसाव्या शतकात लग्नांत बँड आला आणि सनईची जागा क्लॅरिनेटने घेतली. भजनात पेटी रुजली. पेटीची जिव्हाळी माउथ ऑर्गनच्याच जातीची, पण तिला छातीऐवजी भाता हवा पुरवतो. बिस्मिल्ला खाँ यांनी सनई मैफलीत नेली, त्यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. तबकडी आणि ध्वनिवर्धक आल्यावर मांडवातली सनई माणसाशिवायही वाजू लागली. सूर धरायला विजेवर चालणारी सुरपेटी मिळू लागली आणि शिकणाऱ्याची पहिली पायरीच गळण्याची वेळ आली.

शिमग्यात मात्र पालखी चालत असते आणि सनईही तिच्याबरोबर चालते. ढोल, टिमकी आणि सनईचा खालुबाजा रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत आजही पालखीपुढे वाजतो. जांभ्या दगडाच्या पाखाड्या चढत, घराघरांपुढे थांबत वाजवणाऱ्याला गाल, टाळू आणि नाक यांचाच भरवसा. जुन्या दमसासाची परीक्षा अजून तिथे होते. सूर धरायला एखादे मूल जोवर सनईच्या शेजारी उभे राहील, तोवर ही विद्या एका छातीतून दुसऱ्या छातीत जात राहील.