टाकी फुल ते टाकी फुल

आमच्या बाबांच्या मारुती ८०० मध्ये एक दुमडलेली वही असायची. तारीख, किलोमीटर, लिटर. टाकी फुल करायची, गाडी फिरवायची, पुन्हा फुल करायची. मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागलं की झालं ॲव्हरेज. आकडा १४ वर घसरला की आमची रविवारची सिंहगड ट्रिप रद्द!

हे वेड आलं कुठून? १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग करून ठेवलं होतं. रस्त्यावर ॲम्बॅसॅडर होती, दीड लिटरचं इंजिन आणि अकराशे किलोच्या आसपास वजन. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजन साधारण साडेसहाशे किलो. हलकेपणाची किंमत लोकांना थेट पंपावर कळली.

आणि तो छापील आकडा? तो रस्त्यावरचा नसतोच. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवतात, ठरलेल्या तालात, ११८० सेकंद, वेग जास्तीत जास्त ९०. गंमत म्हणजे पेट्रोल मोजतच नाहीत! धुरातला कार्बन मोजून किती जळलं ते काढतात. तिथे ना खड्डे, ना स्वारगेटचा सिग्नल.

बाबांना हे ठाऊक नव्हतं. आकडा जुळेना म्हणून ते स्वतःलाच दोष देत बसायचे. मग कार्ब्युरेटर साफ केला, टायरमधली हवा दर आठवड्याला बघितली, क्लचवर ठेवलेला पाय काढला. वहीत १४.२ चं १६.८ झालं.

त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: हिने चालवली, १७.५.