वाटेत पाणी प्यायचं नाही

आपल्या वर्गातले दोघंतिघं भेटले की खाडीपुलाच्या शर्यतीचा विषय निघतोच. १९६९ चा ऑक्टोबर, पाऊस नुकताच सरलेला, वारा पडलेला, दुपारचे अडीच. पल्ला सहा मैलांचा आणि पी.टी.च्या सरांची ताकीद: "वाटेत कोणी पाण्याला तोंड लावायचं नाही." परतताना आपला एक गडी चक्कर येऊन पडला. समोरच्या घरातल्या आजींनी त्याच्या डोक्यावर कळशी उपडी केली आणि सरांना चार शब्द सुनावले. तेव्हापासून सर आमच्या लेखी दोषी. निवृत्तीनंतर या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळलं की सर एकटे नव्हते.

१९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन भर ऑगस्टात, दुपारी तीनच्या सुमारास सुरू झाली. रस्ता धुळीचा, पाण्याच्या जागा एक-दोनच. ३२ जण धावले, १४ पोहोचले. विजेता थॉमस हिक्स पाणी मागत होता, ते त्याला नाकारलं आणि वर स्ट्रिकनीन व अंड्याचा पांढरा बलक दिला. स्ट्रिकनीन म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष!

१९१२ ला स्टॉकहोममध्येही कडक ऊन होतं. दक्षिण आफ्रिकेचे मॅकआर्थर आणि गिटशॅम पुढे होते. सोबती थांबेल अशा समजुतीने गिटशॅम पाण्याला थांबला. मॅकआर्थर थांबला नाही आणि जिंकला. अशा गोष्टींतूनच 'पाणी पितो तो हरतो' हा समज पक्का होत गेला असावा. त्याच शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबीचा लेप लावला होता, असं सांगतात. घाम वाळला तरच अंग थंड होतं. लेपाखाली तो वाळणार कसा? आपल्या किनाऱ्यावर हवाच ओली, म्हणजे थोडाफार लेप प्रत्येकाच्या अंगावर असतोच.

उत्तर शोधलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी, आणि तिथेही माणसापेक्षा उत्पादनाची काळजी अधिक होती, असं मला वाटतं. खोल, दमट खाणीत मजूर उष्माघाताने मरत. म्हणून नव्या मजुरांना आधी काही दिवस उष्ण, दमट हवेत बेताचं काम देऊन सरावाला लावत. अशा दहा-चौदा दिवसांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. पण सराव त्याच हवेत हवा. आपण धावायचो पहाटे सहाला आणि शर्यत भर दुपारी! मला पाण्याइतकीच ही चूक मोठी वाटते.

याच खाणींसाठी काम करणाऱ्या विंडम आणि स्ट्रायडम यांनी मॅरेथॉनमध्ये कमी पाणी पिण्याच्या धोक्यावर लेख लिहिला. तोवर आंतरराष्ट्रीय नियमानेच सुरुवातीचे काही मैल पाणी मिळत नसे. पुढे लंबक दुसरीकडे गेला. अती पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरल्याने २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक धावपटू दगावली.

विंडम-स्ट्रायडम यांचा लेख छापला गेला १९६९ मध्येच, आपल्या शर्यतीच्या वर्षी. सर यंदा मेळाव्याला येणार आहेत. त्यांना तो दाखवायला बरोबर घेतला आहे. पडलेला गडीही येतोय.