बोहारीण, बीव्हर आणि तांब्याचं पातेलं

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करतो, इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. शाळेत सनावळ्या पाठ करून कसाबसा निभावलो, पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि इतिहासाशी असलेला संबंध संपला असं समजून चाललो होतो. पण गेल्या वर्षी लेकीला तिसरीत मिशिगनच्या इतिहासावर प्रोजेक्ट मिळाला आणि घरातला 'टेक सपोर्ट' म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. विषय होता फर ट्रेड, म्हणजे फ्रेंच व्यापारी आणि इथले मूळ रहिवासी यांच्यातला कातड्यांचा व्यापार.

लेकीने पोस्टरवर पहिलंच वाक्य लिहिलं, "भोळ्या इंडियन लोकांनी महागडी फर देऊन काचेचे मणी घेतले." खरं सांगतो, मलाही एवढंच ठाऊक होतं.

लाँग वीकएंड आला तसे आम्ही डेट्रॉईटहून गाडी काढून चार-साडेचार तासांवरच्या मॅकिनॉ सिटीला गेलो. आईही तेव्हा नाशिकहून आलेली होती. फ्रेंचांनी १७१५ च्या सुमारास बांधलेला मिशिलिमॅकिनॅकचा किल्ला तिथे पुन्हा उभारलाय. रायगड-प्रतापगड पाहिलेल्या आमच्या मातोश्रींनी ते लाकडी ओंडक्यांचं कुंपण बघून "हा किल्ला?" असं विचारलंच. पण आतल्या एका घरात मांडलेली तांब्याची पातेली, ब्लँकेटं आणि सुऱ्या बघून ती थबकली. हा सगळा कातड्यांच्या बदल्यात द्यायचा माल.

बीव्हर हा पाण्यात राहणारा, झाडं कुरतडून बांध घालणारा प्राणी. त्याच्या अंगावर वरून राठ लांब केस आणि खाली मऊ दाट लव असते. या लवेच्या फेल्टपासून युरोपात साहेबी टोप्या बनत. लांब केस काढणं मोठं जिकिरीचं काम. पण इथले लोक बीव्हरची कातडी केसाळ बाजू आत करून थंडीत पांघरत. वर्ष-दोन वर्षं वापरली की राठ केस आपोआप झडत आणि कातडं मऊ पडे. टोपीवाल्यांना नेमकं तेच हवं असे. म्हणजे नव्या कोऱ्या कातड्यापेक्षा वापरून जुन्या झालेल्या पांघरुणाला भाव जास्त!

हे ऐकल्यावर आई म्हणाली, "अरे, ही तर आपली बोहारीण! जुन्या साड्या द्यायच्या आणि पातेलं घ्यायचं. मग यात भोळं कोण?"

आईच्या त्या एका प्रश्नाने माझा सगळा समज उलटा झाला. घरी आल्यावर रात्री-रात्री वाचत बसलो. पॉल ल जून नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६३४ मध्येच लिहून ठेवलंय, की एका बीव्हरच्या कातड्यासाठी वीस-वीस सुऱ्या देणाऱ्या युरोपियनांना त्याचा इन्नू यजमान हसत असे. मातीच्या किंवा सालीच्या भांड्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईला तांब्याचं पातेलं म्हणजे केवढी सोय! सौदा दोघांनाही फायद्याचाच वाटत होता.

मग बिघडलं कुठे? तर ज्या होड्यांतून पातेली आली, त्याच वाटेने बाकीचंही आलं. १६३४ ते १६४० या सहा वर्षांत देवी आणि इतर साथींनी वेंडाट लोक (फ्रेंच त्यांना ह्यूरॉन म्हणत) निम्मे झाले. डचांकडून बंदुका मिळवलेल्या हौडेनोशौनींनी, म्हणजे इरोक्वॉय लोकांनी, १६४९ मध्ये त्यांची वस्तीच उधळून लावली. साथींत गेलेल्यांच्या जागी कैदी आणणं आणि फरच्या व्यापारावर पकड बसवणं, दोन्ही कारणं त्यामागे होती.

फ्रेंच तरी कुठे तसेच राहिले? शेती करायला आणलेली तरुण पोरं रानात पळू लागली. १६८१ मध्ये सरकारने वर्षाला २५ परवान्यांची मर्यादा घातली, तरी विनापरवाना जाणारे थांबेनात. या पोरांनी बर्चच्या सालीच्या होड्या वल्हवल्या, ओजिब्वे आणि ओडावा भाषा शिकल्या, तिथल्याच मुलींशी लग्नं केली. बायकोचे नातेवाईक म्हणजेच व्यापाराची ओळखपाळख. बायकोशिवाय कातडी कमवणं, होडीची डागडुजी, दुभाष्याचं काम कोण करणार? पुढे माल इतका साठला, की १६९६ मध्ये चौदाव्या लुईने पश्चिमेकडची बहुतेक ठाणी बंद करायचा हुकूम काढला. पाच वर्षांनी, १७०१ मध्ये, कॅडिलॅकने (होय, गाडीवाला तोच!) आपलं डेट्रॉईट वसवलं.

फ्रेंच दरवर्षी भेटी देत. ती नात्याची देवघेव होती. १७६० नंतर इंग्रज आले आणि जनरल अ‍ॅमहर्स्टने भेटी, बंदुकीची दारू यांना कात्री लावली. त्याला ती लाच वाटली. २ जून १७६३ ला याच किल्ल्याबाहेर ओजिब्वे लोकांनी चेंडूचा खेळ मांडला. बघता बघता चेंडू दरवाजातून आत गेला, खेळाडू मागोमाग धावले आणि बायकांनी पांघरुणाखाली लपवलेली हत्यारं बाहेर काढली. इंग्रज शिपाई कापले गेले. किल्ल्यात राहणाऱ्या फ्रेंच कुटुंबांना मात्र कोणी हात लावला नाही.

याचा अर्थ फ्रेंच संत होते असा नाही. उधारीची वही त्यांच्याकडेही होतीच. शरदात माल उधार द्यायचा आणि वसंतात कातड्यांनी वसूल करायचा. पण पुढे नातं गेलं आणि वही तेवढी राहिली. बीव्हर कमी झाले, १८३०-४० च्या सुमारास युरोपात रेशमी टोपीची फॅशन आली आणि मागणी पडली. १८३६ च्या करारात ओडावा आणि ओजिब्वे लोकांनी आजच्या मिशिगनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग सोडला. त्यातले ३ लाख डॉलर व्यापाऱ्यांची देणी फेडायला बाजूला काढले होते. आपल्याकडचा सावकार आठवला ना?

मला हे वाचताना कसंसंच झालं. दोन वर्षांपूर्वी माझ्या क्लायंटचं बजेट बदललं आणि एका सोमवारी आमची अख्खी टीम घरी बसली. काम वाईट नव्हतं, तिकडे 'फॅशन' बदलली होती, इतकंच. पण मला तीन महिन्यांत दुसरा प्रोजेक्ट मिळाला. त्यांना दुसरी जमीन कुठून मिळणार?

हे लोक संपले मात्र नाहीत. त्याच १८३६ च्या कराराच्या आधारे १९७९ मध्ये फेडरल कोर्टाने त्यांचा ग्रेट लेक्समध्ये मासेमारी करण्याचा हक्क मान्य केला. जमीन देतानाही हक्क राखून ठेवणाऱ्यांना भोळं कसं म्हणायचं?

लेकीने पोस्टरवरचं पहिलं वाक्य खोडलं. नवं लिहिलं, "दोघांनीही विचार करून सौदा केला. पण किंमत एकालाच जास्त मोजावी लागली." टीचरने शेजारी स्टार दिला. आजीचं म्हणणं, अर्धा स्टार बोहारणीचा!